राकेलेची सहा-दहाची कॉफी

"ही कॉफी आहे की भांडी विसळलेलं पाणी?"

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते त्रेसष्ट सालच्या मे महिन्यात, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून. समोरच्या घरात नवं जोडपं राहायला येऊन तीन दिवस झाले होते. आमच्या मातेरदेई वस्तीत दोन घरांच्या मधे चौक, चौकावर कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, आणि त्या दोऱ्यांवरून कपड्यांबरोबर भांडणंही इकडून तिकडे येतात. मी काही कान लावून ऐकत नव्हते. मी घेवड्याच्या शेंगा मोडत होते. त्या दिवशी जरा हळू मोडल्या, एवढंच.

"पाणी?" आतून बाईचा आवाज आला. "मग उद्यापासून तूच कर."

"करीनच."

"आणि इथे पलंगावर आणून दे. माझ्या बापाने माझ्या आईला जन्मभर पलंगावर कॉफी दिली."

"तुझा बाप न्हावी. त्याचं दुकान नऊला उघडतं. मला साडेसहाला कामावर जायचंय."

"मग जायच्या आधी आण. ज्या दिवशी कॉफी येणार नाही, त्या दिवशी मी तोर्रेला आईकडे निघाले म्हणून समज."

"समजलो."

"आणि पाण्यासारखी आली तरी निघाले!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी समोरच्या घरात बशीवर चमचा वाजला. मला घड्याळ बघायची गरज नव्हती, माझा नवरा त्याच वेळी बूट शोधायला लागायचा. त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं मी त्या चमच्यावर घर चालवलं. दूध तापायला ठेवायचं ते चमचा वाजल्यावर, पोरांना उठवायचं ते चमचा वाजल्यावर.

तो कॉफी करणारा म्हणजे कातेल्लो आणि पिणारी ती राकेले. पुढे त्यांना मुलगी झाली, अस्सुन्ता, आणि चर्चमध्ये तिला हातांवर धरून तिची धर्ममाता मी झाले. आमच्याकडे एकदा असं नातं जुळलं की ते रक्ताच्या नात्याहून घट्ट. तेव्हापासून कातेल्लो मला 'कुम्मा' म्हणायचे आणि मी त्यांना 'कुम्पा'. राकेलेला मात्र मी राकेलेच म्हणत आले. तिला दुसरं काही म्हटलेलं चालायचं नाही.

कुम्पा फ्युनिक्युलरवर नोकरीला होते. दोराने टेकडी चढणारी ती गाडी, एक डबा वर येतो तेव्हा दुसरा खाली जातो. कुम्पा बसायचे वरच्या स्टेशनातल्या यंत्राच्या खोलीत, जिथून दोर ओढतात. गाडी त्यांना तिथून दिसायचीसुद्धा नाही. दोराच्या आवाजावरून ते ओळखायचे, आता कुठे आलीय, आता वेग कमी करायचा, आता थांबवायची. छत्तीस वर्षांत एकदाही डबा फलाटाच्या पुढे गेला नाही की मागे राहिला नाही. बायका उंच टाचांचे बूट घालून उतरायच्या, त्यांना कधी पाय उचलावा लागला नाही, हे ते स्वतःच्या मुलीचं लग्न सांगावं तसं सांगायचे. नोकरी सुटली तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांना खोलीच्या दारावरची पितळी पाटीच काढून दिली: 'गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये.' ती त्यांनी घरी आणली. राकेलेने ती कपाटात टाकली. म्हणाली, "ह्या घरात तूच गप्प बस, पाटी कशाला लागतेय?"

कॉफी ते मोकामध्ये करायचे. मोका म्हणजे आमच्या घराघरात असते ती कंबर आवळलेली किटली, खाली पाणी, मधे पूड, चुलीवर ठेवली की कॉफी वरच्या पोटात चढते. त्याआधी त्यांच्या आईची किटली होती, चुलीवरून उतरवून पालथी करायची. तिच्यात कॉफी थेंबाथेंबाने गळते, आणि गळेपर्यंत वास उडून जाऊ नये म्हणून तिच्या चोचीवर कागदाची टोपी घालतात. ती किटली मोडली, तरी टोपीची सवय राहिली. पावाच्या दुकानातला जाड कागद ते जपून ठेवायचे आणि रोज सकाळी एक टोपी वळून मोकाच्या चोचीवर चढवायचे. मोकाला टोपीची काही गरज नसते. हे त्यांना अख्ख्या इमारतीने सांगून पाहिलं.

संप असो, ताप असो, सहा-दहाला चमचा वाजायचाच. ऐंशी साली भूकंप झाला तेव्हा आम्ही सगळे बाहेर मैदानात गाद्या टाकून होतो, इमारतीत पाऊल टाकायला बंदी. सकाळी बघते तर कुम्पा बंबवाल्या जवानाशी बोलतायत.

"वर जायचंय. बायकोचं औषध राहिलंय."

जवानाने सोडलं. दहा मिनिटांनी कुम्पा खाली उतरले ते मोका, कॉफीचा डबा, साखर आणि सहलीला नेतात ती छोटी शेगडी घेऊन. जवान बघतच राहिला.

"हे औषध?"

"तुझं लग्न झालंय का?" कुम्पांनी विचारलं.

"नाही."

"मग बाजूला हो."

राकेले मैदानात गादीवर उठून बसली, केस मागे केले, कप घेतला, आणि शंभर माणसांसमोर म्हणाली, "पाणी." रोज तेच म्हणायची. पण कप कधी भरलेला परत गेला नाही. 'पाणी' म्हणून रिकामा कप द्यायचा ही तिची रीत. मी एकदा तिला विचारलं, "अगं, चांगली लागते तर चांगली म्हण की." म्हणाली, "चांगली म्हटलं की तो सुधारायचं थांबेल."

तर असं चाललं होतं. मग राकेले जिन्यावरून पडली, कंबर मोडली, आणि पलंग हाच तिचा मुक्काम झाला. घर ती तिथूनच चालवायची, कान तर मांजरासारखे. आणि कुम्पांचे हात थरथरायला लागले. हात थरथरले ते ठीक, पण ते विसरायला लागले. मोका चुलीवर ठेवायचे आणि दाढी करायला जायचे. एकदा उकळून गॅस विझला. एकदा खालच्या भागात पाणी घालायचंच राहिलं. तिसऱ्या वेळी समोरच्या खिडकीतून काळा धूर आला आणि मी चौकावरून ओरडले, "कुम्पा! तुमची कॉफी जळतेय!"

कुम्पा अर्ध्या गालावर फेस घेऊन धावत आले. मोकाची मूठ वितळून चुलीवर ओघळली होती, रबराचं कडं जळून खाक, आणि कागदाची टोपी पेटलेली.

"कुम्मा," ते खिडकीतून हळूच म्हणाले, "अस्सुन्ताला सांगू नका."

मी सांगितलं. हे लिहिताना आजही जीभ चावते, पण सांगितलं मीच. गॅसचा प्रश्न होता, आणि राकेलेला तर उठून पळताही येत नव्हतं.

अस्सुन्ता ब्रेशाला असते, तिकडे वर उत्तरेत, जिथे धुकं असतं आणि लोक हळू आवाजात बोलतात. ती दुसऱ्याच दिवशी आली. गॅसची नळी बंद करवली, किल्ली पर्समध्ये टाकली. दुपारचं जेवण घरून करून आणायला एक बाई लावली. आणि टेबलावर एक खोकं ठेवलं.

"पपा, हे कॉफीचं मशीन. कॅप्सूल टाकायची, बटण दाबायचं, बस. आपोआप थांबतं. तुला काही करायला नको."

"मला काही करायला नको," कुम्पा म्हणाले. हे त्यांनी विचारलं होतं की नुसतं म्हटलं होतं, कळलं नाही.

"आणि ऐक. पंधरा दिवसांनी मी परत येते. तोवर हे नीट जमलं तर ठीक. नाही जमलं तर तुम्हा दोघांना ब्रेशाला नेते. तिथे माझ्याकडे बाई आहे. मम्माची सकाळची कॉफी ती करेल."

मी तिथेच खुर्चीवर बसले होते, म्हणून मला कुम्पांचा चेहरा दिसला. ब्रेशा म्हटलं तेव्हा ते नुसते ऐकत होते. 'ती करेल' म्हटल्यावर त्यांनी भिंतीला हात टेकला.

मशीन होतं छान. पांढरं, गुळगुळीत, मोठ्या अंड्यासारखं. दुसऱ्या दिवशी सहा-दहाला त्याने असा घर्रघर्र आवाज केला की माझं मांजर कपाटावर चढलं.

"स्वयंपाकघरात कोण दाढी करतंय?" आतून राकेले.

"मीच," कुम्पा म्हणाले. बिचारे, लपवू पाहत होते.

मग कप आत गेला. चमचा वाजला. मग राकेलेचा आवाज, "दाढी झाल्यावरचं पाणी मला आणून देऊ नकोस."

कप भरलेला परत आला. एकोणपन्नास वर्षांत पहिल्यांदा.

आता खरं सांगायचं तर कॉफी लांबडीच होती, म्हणजे पाणी जास्त. आमच्याकडे कॉफी म्हणजे कपाच्या तळाशी दोन बोटं, वर तपकिरी साय. त्या अंड्यातून निघायचा अर्धा कप. ते कुठे थांबायचं हे कारखान्यातल्या कुणी त्याच्या पोटात ठरवून टाकलं होतं, आणि तो माणूस नक्की आमच्याकडचा नव्हता.

तीन दिवस कप भरलेले परत आले. चौथ्या दिवशी राकेले म्हणाली, "पलंगाखालची काळी सुटकेस काढ. मी तोर्रेला चालले."

"तुझी आई जाऊन एकतीस वर्षं झाली, राकेले."

"घर तर आहे."

"घरात आता दातांचा डॉक्टर बसतो."

"मग दात तरी दाखवून घेईन."

कुम्पांनी सुटकेस काढली. काय करणार, काढली. तिथे पलंगापाशी ठेवली आणि माझ्या दाराशी आले. हॅट हातात.

"कुम्मा, तुम्ही सांगितलंत अस्सुन्ताला."

मी त्यांना आत घेतलं.

"रागावलो नाही. पण आता माझ्याबरोबर साबातोकडे चला. मला असं मशीन पाहिजे की ज्याचा कप रिकामा परत येईल. अकरा दिवस राहिलेत."

साबातोचं दुकान पावाच्या दुकानाला लागून. आत भिंतभर कॉफीची मशीनं, लाल, काळी, पिवळी. आमच्याकडे अशी दुकानं आता दर दुसऱ्या वळणावर आहेत. मशीन तो घरी न्यायला देतो, तुम्ही फक्त कॉफी त्याच्याकडून घ्यायची. साबातो पोटाने मोठा आणि बोलण्याने त्याहून मोठा. वडीलधाऱ्यांना आमच्याकडे मानाने 'डॉन' म्हणतात, तसं तोही म्हणतो.

"डॉन कातेल्लो! शेवटी आलात! घरात पिणारी माणसं किती?"

"एक."

"आणि तुम्ही?"

"मी करणारा."

साबातोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तू मशीन दाखव, बाबा."

पहिलं मशीन चकतीचं. कॉफीची पूड दोन कागदांच्या मधे दाबून बिस्किटाएवढी चकती केलेली असते, ती साच्यात बसवायची आणि वरचा दांडा खाली ओढायचा. कुम्पांनी घोट घेतला आणि डोळे मिटले. मग साखर घातली. त्यांची परीक्षा अशी, साखर सायीवर पडली की तिने तीन आकडे मोजेपर्यंत वर थांबायला हवं, मग बुडायचं. साखर चारपर्यंत थांबली.

"हेच," कुम्पा म्हणाले.

"आता तुम्ही करून बघा," साबातो म्हणाला. हुशार माणूस, आधी विकून मग ऐकून घेणाऱ्यांतला नाही.

एकेक चकती पाकिटात बंद असते. ते पाकीट फाडताना कुम्पांचे हात थरथरले, चकती मोडली, पूड साबातोच्या बुटांवर. दुसरी चकती साच्यात वाकडी बसली आणि बाजूने काळं पाणी गळलं. तिसरी बसली, पण दांडा खाली येईना. मी हात लावला तर कुम्पा म्हणाले, "कुम्मा, तुम्ही रोज सकाळी सहाला येणार आहात का?"

"बोलावलंत तर येईन."

"मग कॉफी तुमची झाली."

मी हात काढला. त्यांनी ते मशीन मागे सारलं, आणि त्याच्याकडे असं पाहिलं, जसं जिच्याशी लग्न जमलं नाही त्या मुलीकडे माणूस म्हातारपणी बघतो.

मग कॅप्सूलवाली मशीनं. कॅप्सूल त्यांच्या हाताला सोपी, भोकात टाकली की झालं. पण लाल मशीनची लांबडी. काळ्याची आखूड पण साय नाही, साखर पडताच बुडाली. पिवळ्याची त्यातल्या त्यात बरी, पण कुम्पांना वाटलं की चोचीवर टोपी नाही म्हणून तिचा वास उडतोय. मी बघेपर्यंत त्यांनी शेजारच्या दुकानातून पावाचा कागद मागून आणला, टोपी वळली आणि मशीनच्या चोचीवर घट्ट चढवली.

"डॉन कातेल्लो, असं करू…" साबातो म्हणेपर्यंत बटण दाबलं गेलं.

टोपी फुगली. मशीन घर्रघर्र करत राहिलं, ते आपोआप थांबणारं ना, त्याला काय ठाऊक टोपी म्हणजे काय. टोपी फुटली आणि कॉफी साबातोच्या शर्टावर, भिंतीवरच्या संताच्या तसबिरीवर आणि माझ्या नव्या केसांवर. मी आदल्याच दिवशी केस बसवून घेतले होते.

"तुमच्या आईच्या किटलीत कॉफी गळते," साबातो शर्ट पुसत म्हणाला, "ह्यात ती ढकलली जाते!"

"पण वास?" कुम्पा म्हणाले. "वास कुठे जातो?"

"सगळा माझ्या शर्टात गेला!"

एव्हाना कुम्पांच्या पोटात आठ कप गेले होते. ते एका जागी उभेच राहीनात. कोपऱ्यात कपड्याखाली झाकलेलं काहीतरी त्यांना दिसलं.

"ते काय?"

"ते नको. वकिलाच्या ऑफिसातून परत आलेलं, जुनं आहे. कॅप्सूलचंच, पण आपोआप थांबत नाही. चालू करा, बंद करा, सगळं आपल्याच हाताने. लोक चालू करून विसरतात आणि मग कॉफी टेबलावरून फरशीवर. कोणी घेत नाही."

कुम्पांनी कपडा काढला. लोखंडी, ओबडधोबड, समोर एकच जाड कळ. खाली केली की चालू, वर केली की बंद.

"कॅप्सूल दे."

कळ खाली केली. डोळे मिटले आणि कान मशीनजवळ नेला. घर्रर्र. मला वाटलं आता झोपतात की काय. एकाएकी बोट उचललं, कळ वर. कपात दोन बोटं कॉफी, वर साय. साखर टाकली. एक, दोन, तीन, आणि मग बुडाली.

साबातो म्हणाला, "नशीब."

कुम्पांनी परत केली. परत दोन बोटं. तिसऱ्यांदा केली. परत तेवढीच.

"कसं कळतं?"

"आवाज बदलतो. आधी जाड असतो, मग पातळ होतो. पातळ झाला की पाणी नुसतंच यायला लागतं. त्याच्या अगदी आधी थांबवायचं. गाडी फलाटाला लागायच्या आधी दोर असाच बोलतो."

साबातोने कान लावला, मीही लावला. आम्हाला दोघांना घर्रर्र एवढंच ऐकू आलं.

"पण कुम्पा," मी हळूच म्हटलं, "हे स्वतः थांबत नाही. अस्सुन्ताचं म्हणणं हेच आहे, की तुम्ही विसरता."

ते माझ्याकडे वळले. आठ आणि तीन, अकरा कप प्यालेला माणूस, डोळे लकलकत होते. "मोका सात मिनिटं घेते, कुम्मा. सात मिनिटांत माणूस दाढी करतो, खिडकीत जातो, सदोतीस वर्षांपूर्वीचं काही आठवत बसतो. ह्याला लागतात वीस-पंचवीस सेकंद. तेवढं मला यंत्रापाशी उभं राहता येतं. तेवढं मी जन्मभर केलंय."

त्या दिवशी दुपारी कुम्पांनी पाचही मजल्यांच्या कठड्यांना तेल दिलं, चौकातल्या सगळ्या दोऱ्यांच्या चाकांना तेल दिलं, आणि चौथ्या मजल्यावरच्या बाईचं दार कुरकुरत नसतानाही त्याला तेल दिलं. अकरा कप.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीत होते. शेंगा नव्हत्या, तरी होते. घर्रर्र झालं आणि थांबलं. मग कुम्पांनी एक टोपी वळली आणि ह्या खेपेला ती कपावर घातली. थरथरत्या हातांनी दहा पावलं न्यायचं तर सांडायचं, टोपीने तेही आवरलं.

"हे काय? कपाने हॅट का घातलीय?" आतून राकेले.

"वास उडू नये म्हणून."

मग कागद करकरला. मग चमचा.

"आज दाढी नाही केलीस?"

"आधीच केली."

"हं."

आणि मग, देवाशपथ, मी ऐकलं: "पाणी."

कुम्पा खिडकीत आले. मला बघून त्यांनी कप उलटा केला. एक थेंब लोंबला, तोही पडेना.

पंधराव्या दिवशी अस्सुन्ता आली. मशीन बघून तिचा पारा चढला.

"मी दिलेलं कुठंय?"

"सुटकेसमध्ये. तुझी मम्मा ते तोर्रेला नेणार आहे."

"पपा, हे थांबत नाही आपोआप! म्हणून तर मी…"

"मी थांबवतो."

"आणि विसरलास तर?"

"उद्या सकाळी बघ."

दुसऱ्या दिवशी सहाच्या आधीच अस्सुन्ता स्वयंपाकघरात उभी होती, रात्रीच्या झग्यात, हात बांधून, शाळेतल्या तपासणीला आल्यासारखी. मी खिडकीत. चौथ्या मजल्यावरची बाईही खिडकीत, तिच्या दाराला तेल मिळालं होतं ना. मशीनच्या वर भिंतीला कुम्पांनी काहीतरी लावलं होतं, ते मला चमकताना दिसत होतं, पण वाचता येत नव्हतं.

कॅप्सूल टाकली, कप ठेवला, कळ खाली. घर्रर्र.

आणि अस्सुन्ताने, माझ्याच मांडीवर वाढलेल्या पोरीने, मुद्दाम हाक मारली, "पपा! फोन वाजतोय!"

कुम्पांनी वळून पाहिलं नाही. फक्त डावा हात वर केला, पंजा उघडा, मग एक बोट भिंतीकडे. आतून राकेलेचा आवाज आला, पलंगावरून, भिंतीपलीकडून, जिथून तिला काहीच दिसत नव्हतं:

"अस्सुन्ता, तुला वाचता येत नाही? एवढी ब्रेशाला शिकलीस! गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये!"

कळ वर गेली. दोन बोटं.

कुम्पांनी टोपी घातली आणि कप आत नेला. अस्सुन्ता टेबलाशी बसली आणि सांडलेली साखर बोटाने गोळा करत राहिली. आतून चमचा वाजला, 'पाणी' ऐकू आलं, रिकामा कप परत आला. तिने तो हातात घेऊन उलटा केला. मग म्हणाली, "मलाही एक कर ना, पपा."

"थांब," कुम्पा म्हणाले. "हे एका वेळी एकच करतं."

पण केली. तिच्यासाठी टोपीही वळली, खरं तर तिला नुसतं टेबलापलीकडेच द्यायची होती. पुन्हा ब्रेशाला नेण्याची गोष्ट निघाली नाही. गॅसची किल्ली मात्र अस्सुन्ताने परत दिली नाही, आणि ते बरंच झालं.

त्यानंतर दोन वर्षं कुम्पा दर शनिवारी साबातोकडे जायचे, कॅप्सूलचं खोकं काखेत घ्यायचे, शेजारून पाव आणि पावाचा कागद. साबातोने एकदा त्यांना नवं मशीन दाखवलं, चमकणारं. कुम्पांनी विचारलं, "थांबतं का?" साबातो म्हणाला, "आपोआप." कुम्पा म्हणाले, "मग माझं काय काम?" आणि पाव घेऊन निघाले.

ते गेले फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्या, कुणाला आवाज न देता. पण त्याआधी सहा-दहा व्हायचे होते आणि ते झाले. मी दूध घेऊन उभी होते. समोर दिवा लागला. कागद करकरला, टोपी वळली गेली. कॅप्सूल पडली, कळ खाली. घर्रर्र, जाड, मग माझ्याही कानाला त्या दिवशी वाटलं की जरा पातळ झालं, आणि तेवढ्यात थांबलं. दहा पावलं. मी मोजली, दहाच होती.

"उशीर केलास," राकेले म्हणाली.

"सहा-दहा."

"तुझं घड्याळ मागे आहे."

"तुझं पुढे असेल. उठून बस, गार होतेय."

पलंग कुरकुरला. टोपी बाजूला ठेवली गेली. बशीवर चमचा वाजला, आणि मी दूध तापायला ठेवलं.

"कशी आहे?"

"पाणी," राकेले म्हणाली, आणि रिकामा कप त्यांच्या हातात दिला.